दुदांडी

तीस वर्षं अप्पांनी नाणी वितळवली.
त्रिचूरच्या एका गल्लीत, विट्याकडच्याच आणखी नऊ दुकानांच्या रांगेत,
लोकांचं सोनं-चांदी गाळत.
भुवया जळालेल्या, नखं तेजाबानं पिवळी.
दिवाळीला गावी आले की आई म्हणायची,
माणूस नव्हं, मूसच आली घरी.

आता लेंगऱ्यात, गोठ्यामागच्या खोपीत
ते नाणी पाडतात.
तांब्याची शिवराई, दुदांडी:
मधे दोन आडव्या रेघा, वर-खाली अक्षरं.

तांबं भंगारातलं.
उन्हाळ्यात कुणाच्या तरी विहिरीत जळालेली पाणबुडी मोटार,
तिचं वाइंडिंग मुशीत जातं,
वर चिमूटभर टाकणखार.
भाता माझ्याकडे.
जाळाची कड हिरवी झाली की अप्पा हात वर करतात.
मग कांडी, कांडीचे छिन्नीने तुकडे,
एकेक तुकडा तराजूत.
दुसऱ्या पारड्यात वजन नाही,
आत्याच्या पेटीतली खरी शिवराई आहे.
जास्त भरला तर कानस,
कमी भरला तर परत मूस.
मग ऐरण. मग चिंचेचं पाणी.
आमच्याकडे आमटीला चिंच उरत नाही.

ठसे त्यांनीच कोरले, ट्रॅक्टरच्या मोडक्या ॲक्सलचे.
अक्षर उलटं, आत जाणारं.
पहिला ठसा फार सुबक आला, तो त्यांनी उकिरड्यात टाकला.
म्हणाले, हे लग्नपत्रिकेचं अक्षर झालं.
टाकसाळीतल्या गड्याला सांजच्याला हजार पाडून घरी जायचं असायचं,
त्याचा हात असा न्हाई.
मग दोन महिने ते घाई शिकले,
सावकाश.

खालचा ठसा बाभळीच्या ओंडक्यात रोवलेला.
वरचा मी चिमट्यात धरते.
घण एकदाच.
दुसरा घाव पडला तर अक्षराला सावली येते.
ठसा मोठा, नाणं लहान,
राजाचं नाव कधीच पुरतं मावत नाही.
'छत्र' आलं तर 'पति'ची वेलांटी कडेबाहेर,
हवेत कुठेतरी उमटलेली.

'श्री'च्या पोटात अप्पा एक ठिपका ठेवतात,
मोहरीएवढा, खऱ्या नाण्यात नसलेला.
मिरजेचे एक गृहस्थ आले, बोटांत तीन अंगठ्या.
दोनशे नग पाहिजेत म्हणाले,
शेणात पुरून, हिरवे-काळे करून,
आणि तेवढा ठिपका नको.
अप्पांनी त्यांना चहा दिला.
"ठिपका हाय तवर ती नक्कल," म्हणाले. "काढला की खोटं."
त्या पैशात खोपीवर नवा पत्रा आला असता.
हे मी बोलून दाखवलं.
अप्पा भात्याचं कातडं चाचपत बसले.

त्या रात्री अंधारात, आपणहून:
त्रिचूरला एका म्हातारीनं ओंजळभर जुनी नाणी आणली होती, चांदीची.
कुठल्या राजाची, मला वाचता येईना.
मुशीत अक्षर शेवटी जातं, बघ.
कड मऊ पडती, सगळं ढासळतं,
अक्षर जरा वेळ थांबतं.
एवढं म्हणून कुशीवर वळले.

परवा माझ्या ईश्वरीनं
फसलेलं एक नाणं उचललं, अर्ध्या चंद्रासारखं उमटलेलं,
आणि रज्जाक मुलाणीच्या दुकानात नेलं.
त्यानं ते तळहातावर दोनदा उडवलं,
दोन लिमलेटच्या गोळ्या दिल्या,
नाणं गल्ल्यात टाकलं.

सांजेला अप्पा पाचाचं नाणं घेऊन गेले, परत मागायला.
रज्जाकनं गल्ला उघडलाच नाही.
"आता ते चलनात गेलं, अप्पा."

अप्पा आले तेव्हा पाचाचं नाणं मुठीतच होतं.
उंबऱ्यात जरा उभे राहिले.
मला म्हणाले, चिंच संपलीय,
उद्या आण.